पाऊस आणि वाफसा यांच्या मधले दोन दिवस

राजेहो, अक्षय्य तृतीया झाली, भेंडवळची घटमांडणीही झाली. दरवर्षीसारखे आपण सगळे मोबाईलला चिकटून बसलो होतो. जून कसा, जुलै कसा, कोणतं पीक साधारण, कोणतं मोघम. मीही बसलो होतो, बातमी पहिली टाकायची घाई असते ना आमची. घटात अठरा धान्यं मांडतात, रात्रभर ठेवतात आणि सकाळी कोणता दाणा सरकला, कोणता जागेवर राहिला ते पाहून अंदाज सांगतात. विश्वास ठेवायचा का नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न. मला फक्त एवढंच विचारायचंय, की दुसऱ्याने मांडलेले दाणे पाहायला आपण इतके जागतो, मग स्वतःच्या पोत्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सहा-सात दिवसांनी किती उगवले ते पाहायला आपल्याला काय होतं?

आज बीजप्रक्रियेवर लिहितोय. शब्द वाचूनच निम्मे जण पुढे सरकले असतील. तो कृषी विभागाच्या घडीपत्रिकेतला शब्द आहे, बांधावर कोणी म्हणत नाही. बांधावर म्हणतात ‘औषध लावणं’, ‘बियाण्याले पावडर चोळणं’. आणि सत्तरीच्या पुढच्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल ‘गंधक लावणं’. ज्वारीच्या कणसात काणी येऊ नये म्हणून पेरणीआधी बियाण्याला गंधक चोळायचे. आमच्या घरी आजोबा करायचे, बाबांनीही केलंय. म्हणजे बियाण्याला काहीतरी लावून मग मातीत टाकायचं, ही काही विद्यापीठाने परवा शोधलेली गोष्ट नाही. घाटावर ज्वारी होती तोवर ती होती. मग ज्वारी मागे पडली, सोयाबीन आलं, आणि ज्वारीसोबत ती सवयही गेली.

गंमत अशी, की ज्वारीपेक्षा सोयाबीनला तिची गरज जास्त. ज्वारीचा दाणा कडक. सोयाबीनचं साल कागदासारखं पातळ, आत चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि वीसेक टक्के तेल. पोतं आपटलं तरी आतला अंकुर दुखावतो. ओल लागली की बुरशीला याच्यासारखं जेवण नाही. आज जिल्ह्याच्या खरिपाचा निम्म्याहून जास्त पेरा या नाजूक दाण्यावर उभा आहे. मेहकर, चिखली, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा इकडे तर दुसरं काही दिसतच नाही. आणि आपण तो दाणा पिशवी फाडून सरळ पेरणीयंत्रात ओततो.

आधी स्वतःच्या घरचं सांगतो, म्हणजे मग दुसऱ्याला बोलायचा हक्क राहील.

तीन वर्षांमागची गोष्ट. आमचं सहा एकर मेहकरकडे आहे, दादा पाहतो. मी जूनच्या आधी बुरशीनाशकाची पाकिटं आणून दिली होती, वर भाषणही दिलं होतं. पाऊस झाला, वाफसा आला, सकाळी सकाळी ट्रॅक्टरवाला दारात उभा. आत्ता चला नाहीतर चार दिवस नंबर नाही. दादा म्हणाला, “आता हे चोळत कायले बसतं? टॅक्टरवाला चालला दुसऱ्याच्या वावरात.” पाकिटं कोनाड्यात राहिली, बियाणं वावरात गेलं.

उगवलं चांगलं. आम्ही खूश. पंधरा-वीस दिवसांनी ठिगळाठिगळाने रोपं माना टाकायला लागली. आधी वाटलं पाण्याचा ताण, पण पाणी तर भरपूर झालेलं. उपटून पाहिलं तर जमिनीलगत खोड सडलेलं, त्यावर पांढरा धागा आणि मोहरीएवढे बारीक दाणे. फोटो काढून ओळखीच्या एका कृषी शास्त्रज्ञांना पाठवला. उत्तर एका ओळीत आलं: कॉलर रॉट, बीजप्रक्रिया केली होती का? फोन बाजूला ठेवला. दादाला काही बोललो नाही, तोही काही बोलला नाही. ती पाकिटं दिवाळीच्या साफसफाईत आईने काढून विचारलं, “हे काय आहे रे?”

सहा एकरांतलं किती गेलं ते नेमकं सांगता येणार नाही, कोणी मोजतही नाही. नुकसान असं हळू झालं की त्याचा पंचनामा होत नाही, बातमी होत नाही. माझ्यासारख्या बातमीदाराच्या वावरातही झाली नाही.

आता जरा हिशेब करू. बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा.

पंचेचाळीस सेंटिमीटरच्या ओळी आणि दोन रोपांत पाच सेंटिमीटर धरले, तर एकरात साधारण १ लाख ८० हजार रोपं बसतात. जेएस ३३५ सारख्या वाणाच्या शंभर दाण्यांचं वजन बारा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ३० किलोच्या पिशवीत अडीच लाख दाणे. कायद्याने सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के लागते. अडीच लाखांचे ७० टक्के म्हणजे १ लाख ७५ हजार. पाहा, हिशेब कसा काठावर आहे! टॅगवर लिहिलंय तेवढं सगळं नीट उगवलं तरच वावर भरतं. पहिल्या वीस दिवसांत मूळकूज, खोडकूज, कॉलर रॉट, खोडमाशी यांनी शंभरातली पंधरा रोपं नेली, तर ती भरून काढायला मागे शिल्लक काहीच नाही. टपोऱ्या दाण्याचे वाण घेतले तर पिशवीत दाणे अजून कमी. फुले संगम घेणाऱ्यांनी पिशवीचं वजन न पाहता दाणे किती आणि ओळीतलं अंतर किती ते पाहावं, नाहीतर वावर विरळ झालं म्हणून वाणाला नावं ठेवायची वेळ येते.

मातीत आहे तरी काय? बुरशी बहुतेक ठिकाणी आपल्याच वावरातली असते. दरवर्षी सोयाबीन, मग हरभरा, पुन्हा सोयाबीन. कॉलर रॉटची बुरशी हरभऱ्यालाही धरते, म्हणजे आपण तिला बारा महिने जेवू घालतो. ओल आणि उकाडा असला की ती उठते. याच्या उलट चारकोल रॉट, म्हणजे कोळशासारखी मूळकूज. पावसाने ताण दिला, जमीन तापली, की ही जोर करते. आपल्याकडे जूनअखेर धो धो आणि जुलैत पंधरा दिवस कोरडं, असं एकाच हंगामात दोन्ही होतं. म्हणजे दोघींचीही सोय. याशिवाय बियाण्यासोबत घरूनच आलेली बुरशी असते. काढणीच्या वेळी सुडी भिजली असेल तर नक्कीच.

बुरशीनाशक दाण्याभोवती बसतं आणि पहिले दोन-तीन आठवडे, कोवळ्या मुळाला स्वतःचं बळ येईपर्यंत, पहारा देतं. त्याचं काम एवढंच. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आणि परभणीच्या विद्यापीठाच्या शिफारशी वर्षानुवर्षं साध्याच आहेत. कार्बोक्झिन अधिक थायरम हे मिश्रण किलोला ३ ग्रॅम, म्हणजे ३० किलोला ९० ग्रॅम. किंवा ट्रायकोडर्मा किलोला ८ ते १० ग्रॅम. खोडमाशीचा त्रास असेल तिथे थायमिथोक्झाम ३० टक्के एफएस किलोला १० मिली. त्यानंतर रायझोबियम आणि पीएसबी, पावडर असेल तर दहा किलोला प्रत्येकी २५० ग्रॅमचं एकेक पाकीट. क्रम मोडायचा नाही: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. सगळं एका बादलीत कालवलं तर जिवाणू बादलीतच मरतात. असं करणारे मी पाहिलेत, आणि नंतर ‘रायझोबियमचा काही उपयोग नाही’ म्हणणारेही तेच.

दुकानदार म्हणेल हे नवीन आलंय, याने तिन्ही कामं होतात. तयार मिश्रणं आता आहेत, काही चांगलीही आहेत. पण लेबलवर सोयाबीन लिहिलंय का आणि मात्रा किती आहे, ते वाचून घ्या. आणि ‘खत पाहिजे असेल तर हेही घ्यावं लागेल’ हे लिंकिंग बीजप्रक्रियेच्या औषधातही शिरलंय, ते सहन करू नका.

आता घाईचं बोलू. दरवर्षी सगळेच म्हणतात वेळ नाही. मीही हे मानत होतो. मग एकदा दादासोबत बसून त्या आठवड्याचं वेळापत्रक मांडलं. विद्यापीठ सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तेवढा पाऊस आपल्या काळ्या जमिनीत झाला की दुसऱ्या दिवशी वावरात पाय ठेवता येतो का? चप्पल राहते तिथेच. वाफसा यायला एक-दोन दिवस जातात, भारी जमिनीत तीनही. ते दिवस आपण काय करतो? पाराखाली बसतो, आभाळाकडे पाहतो, ट्रॅक्टरवाल्याला फोन करतो. बुरशीनाशक आणि कीटकनाशक लावायचे दिवस तेच. लावायचं, घरात सावलीला पसरून सुकवायचं, पोत्यात भरून ठेवायचं. पेरणीच्या सकाळी फक्त जिवाणू लावायचे राहतात, त्याला तासभरही लागत नाही. ट्रॅक्टरवाला दारात आल्यावर औषध शोधायचं, ही आपलीच सवय आहे.

याच्याही आधी, मे महिन्यातच का लावून ठेवू नये? ठेवता येतं, पण एक भीती खरी आहे. औषध लावलेलं बियाणं म्हणजे अडकलेले पैसे. पाऊस लांबला, सोयाबीनच्या ऐवजी दुसरं काही पेरायचं ठरलं, तर ते बियाणं ना विकता येतं, ना खाता येतं, ना ढोराला घालता येतं. घरचं बियाणं राखणारा माणूस म्हणूनच हात आखडतो, आणि तो चुकीचा नाही. पाऊस पडल्यानंतरचे दोन दिवस यासाठीच सोयीचे, तेव्हा पेरणी ठरलेली असते.

लावायचं कसं, हे मी लिहायची गरज नाही, तरी एकच. सोयाबीन ज्वारीसारखं चोळायचं नसतं. ड्रम असेल तर हळू फिरवा, नसेल तर ताडपत्रीवर दोघांनी दोन टोकं धरून हेलकावे द्या. पाणी जेमतेम. दाणा फुगला की साल सुटतं, आणि मग उगवण औषधानेच घालवली असं होतं.

आणि हे काम करतं कोण? बहुतेक घरात बायामाणसं. उघड्या हाताने, पदर तोंडाला लावून, मध्येच लेकराला पाणी देऊन. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली, तेव्हा आपण सगळ्यांनी हातमोजे-मास्कवर पोस्टी टाकल्या होत्या. बियाण्याचं औषध फवाऱ्यासारखं अंगावर उडत नाही म्हणून ते निर्धोक, असं कोणी समजू नये. पंधरा-वीस रुपयांचे रबरी हातमोजे. बियाणं उरलं तर कोंबड्यांना टाकायचं नाही आणि बाजार समितीत नेणाऱ्या पोत्यात तर मिसळायचंच नाही. दुकानातून आणलेलं बियाणं लाल, निळं, गुलाबी असेल तर त्याला आधीच काहीतरी लावलेलं असतं. काय लावलंय ते पिशवीवर लिहिलेलं असतं. बुरशीनाशक लावलेलं असेल तर पुन्हा तेच लावून पैसे घालवू नका, फक्त जिवाणू लावा.

आता सूत्रकृमी. हा शब्द देऊळगावराजा-सिंदखेडराजाकडे शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन करणाऱ्यांना नवा नाही. मिरची-टोमॅटो-वांग्याच्या मुळाला गाठी त्यांनी पाहिलेल्या असतात. सोयाबीनवाल्याला मात्र कोणी सांगतच नाही, की हाच डोळ्याला न दिसणारा किडा त्याच्या मुळातही शिरतो. मध्येच एखादं ठिगळ पिवळं, खुजं, दुपारी माना टाकणारं दिसलं की आपण म्हणतो इथे लोह कमी आहे, इथे चुनखडी आहे. असेलही. पण एकदा खुरप्याने माती सैल करून रोप अलगद काढा, बादलीत मूळ धुवा आणि नीट पाहा. सोयाबीनच्या मुळाला गाठी असतातच, त्या रायझोबियमच्या, आणि आपल्याला हव्याच असतात. ती गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नखाने सहज निघते, फोडली तर आत लालसर दिसते. सूत्रकृमीची गाठ निघत नाही, कारण तिथे मूळच फुगलेलं असतं. ओढली तर मूळ तुटतं. पस्तीस-चाळीस दिवसांचं पीक असताना दहा मिनिटांचं काम आहे. माझ्या पाहण्यात कितीतरी जण सूत्रकृमीच्या गाठी पाहून ‘यंदा गाठी जबर आल्या’ म्हणून खूश झालेत.

आपल्याकडची भारी काळी जमीन या मूळगाठ सूत्रकृमीला फारशी मानवत नाही, हलकी, भुसभुशीत, ठिबकखालची जमीन जास्त मानवते. म्हणून ज्यांच्या वावरात आधी भाजीपाला होता, तिथे सोयाबीन टाकताना जास्त लक्ष द्या. अमेरिकेत सोयाबीनवरचा वेगळा सूत्रकृमी आहे, सिस्ट नेमाटोड. १९५४ मध्ये तो नॉर्थ कॅरोलिनात पहिल्यांदा सापडला आणि आज तिथल्या सोयाबीनचं सगळ्यात जास्त उत्पादन तोच खातो. तिथे बियाणं कंपनीकडूनच बुरशीनाशक, कीटकनाशक, सूत्रकृमीनाशक लावून येतं. आणि तरीही तिथले विद्यापीठवाले शेतकऱ्यांना सांगतात की फक्त बियाण्याच्या औषधावर विसंबू नका, माती तपासा, पीक बदला, प्रतिकारक वाणही बदलत राहा. वर्षानुवर्षं एकाच मूळ वाणाची प्रतिकारशक्ती वापरली आणि किडा तिला सरावला, हा धडा ते महागात शिकले.

आपल्याकडे माती परीक्षणाला माती देतो, कागद येतो नत्र-स्फुरद-पालाशचा. सूत्रकृमी त्या कागदावर नसतात. शंका असेल तर मुळांसकट ओली माती घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा, आपल्या जिल्ह्यात बुलढाणा आणि जळगाव जामोद अशी दोन आहेत, किंवा सरळ अकोल्याला विद्यापीठात. बियाण्याला ट्रायकोडर्मा आणि पेरणीपूर्वी निंबोळी पेंड हे स्वस्तातलं. पहिल्या मुळांना थोडा आडोसा मिळतो. भरलेल्या वावरात तेवढ्याने भागत नाही, तिथे पीकच बदलावं लागतं.

बीजप्रक्रिया म्हणजे जादू नाही, हेही लिहून ठेवतो, नाहीतर सप्टेंबरमध्ये मलाच फोन येतील. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये विदर्भात यलो मोझॅकने आणि मूळकुजीने सोयाबीन बसवलं, आठवत असेल. पाहता पाहता वावरं पिवळी पडली. मोझॅकचा विषाणू पांढरी माशी पसरवते. थायमिथोक्झामची बीजप्रक्रिया त्या माशीला आणि खोडमाशीला पहिले तीनेक आठवडे, फार तर महिनाभर अडवते. त्यानंतर ती संपली. शेंगा भरताना येणारे रोग, चक्रीभुंगा, अळ्या यांच्याशी तिचा संबंध नाही.

या कीटकनाशकाबद्दल मला स्वतःला थोडी खळखळ आहे. युरोपियन युनियनने २०१८ मध्ये थायमिथोक्झामसह तीन औषधं मधमाश्यांच्या कारणाने उघड्या शेतात बंद केली. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१४ मध्ये म्हटलं होतं की सोयाबीनच्या बियाण्याला ही औषधं लावून बहुतेक ठिकाणी फारसा फायदा दिसत नाही. पण त्यांची खोडमाशी आणि आपली खोडमाशी एक नाही. आपल्याकडे ती खरोखर नुकसान करते आणि विद्यापीठ शिफारस करतं. माझं मत विचाराल तर, बुरशीनाशक किंवा ट्रायकोडर्मा आणि रायझोबियम सगळ्यांनी लावावं, त्यात घासाघीस नको. कीटकनाशक ज्याच्या वावरात खोडमाशी, पांढरी माशी दरवर्षी त्रास देते त्याने लावावं. शेजाऱ्याने लावलं म्हणून नको.

आता आमच्या धंद्याकडे येतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन काढणीला पाऊस बसला, सुड्या भिजल्या. पुढच्या जूनला, २०२० साली, राज्यभर बियाणं उगवलंच नाही अशा तक्रारींचा पूर आला. औरंगाबाद खंडपीठाने वर्तमानपत्रांतल्या बातम्यांची स्वतःहून दखल घेतली, कंपन्यांवर गुन्हे नोंदवायची वेळ आली. त्या बातम्या लिहिणाऱ्यांत मीही होतो, आणि त्या लिहायलाच हव्या होत्या. पण आदल्या नोव्हेंबरात भिजलेल्या सुड्यांचे फोटो छापताना आमच्यापैकी किती जणांनी लिहिलं की या मालाचं बियाणं होणार आहे, मे महिन्यात उगवण तपासा? मी नाही लिहिलं. जूनमध्ये ‘बोगस बियाणे’ आणि सप्टेंबरमध्ये ‘पंचनामे करा’, या दोन बातम्यांच्या मध्ये आमचा खरीप संपतो.

कंपनीची जबाबदारी शेतकऱ्यावर ढकलायला मी हे लिहीत नाही. उलट ऐका. बियाणं उगवलं नाही म्हणून तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे गेलात की पहिलं काय विचारतात? खोल पेरलं का, ओल होती का, उगवण तपासली का, बीजप्रक्रिया केली का. या प्रश्नांवर आपला माणूस गप्प होतो आणि कंपनी तिथेच सुटते. म्हणून पावती, टॅग, रिकामी पिशवी आणि मूठभर बियाणं राखून ठेवा. गोणपाटातल्या शंभर दाण्यांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, तारखेसकट. बियाणं खरंच बोगस असेल तर भांडायला बळ येतं.

विम्याचंही तसंच. एक रुपयातला पीक विमा २०२५ च्या खरिपापासून गेला. आता विमा रकमेच्या दोन टक्के आपण भरायचे, आणि भरपाई मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर. म्हणजे तुमच्या एकट्याच्या वावरात पंधरा टक्के रोपं सडली तर ते कोणाच्याच कागदावर येत नाही.

भावासाठी आपण लढलो. २०२२ आणि २०२३ ला रविकांत तुपकरांनी बुलढाण्यात सोयाबीन-कापसाचे मोर्चे काढले तेव्हा रस्ते कसे भरले होते, ते मी कव्हर केलंय. २०२५-२६ ला हमीभाव ५,३२८ जाहीर झाला, ऐन हंगामात व्यापाऱ्याने चार हजारांच्या आगेमागे मोजले. लढायलाच पाहिजे. पण पावतीवर भावाला क्विंटलने गुणतात. भाव मुंबई-दिल्लीत अडतो, क्विंटल मात्र जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आपल्याच ओसरीत अडलेले असतात.

कृषी विभाग काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. मोहीम दरवर्षी निघते. बॅनर लागतो, टेबलावर दोन किलो बियाणं, त्याला साहेबांच्या हाताने पावडर, फोटो, आणि तो फोटो आमच्याच ग्रुपवर. २०२५ ला कृषी सहायकाचं नाव सहायक कृषी अधिकारी झालं, पण त्याच्याकडची गावं तेवढीच आहेत. एक माणूस त्या दोन दिवसांत प्रत्येक गावात पोहोचू शकत नाही, त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. मला वाटतं तो बॅनरचा पैसा ड्रममध्ये जावा. मधोमध तिरका दांडा आणि हाताने फिरवायची मूठ असलेला ड्रम गावातला वेल्डिंगवालाही बनवून देतो. ग्रामपंचायतीने, गटाने, शेतकरी कंपनीने प्रत्येक गावात दोन-तीन ठेवले, पाऊस पडला की देवळाच्या ओट्यावर आणले आणि दोन पोरं हातमोजे घालून बसवली, तर दोन दिवसांत अर्ध्या गावाचं बियाणं होतं. किलोमागे रुपया-दोन रुपये घ्या त्यांनी. गणपतीला वर्गणी जमते आपल्याकडे, ड्रमला जमणार नाही का? कोणाच्या गावात आधीच असं होत असेल तर मला कळवा, मी येतो आणि बातमी करतो. मे-जूनमधली बातमी. सप्टेंबरची नाही.

खर्चाचं म्हणाल तर बुरशीनाशक आणि जिवाणू मिळून जे होतं, ते पिशवीच्या किमतीच्या तुलनेत थोडंच आहे. कीटकनाशक धरलं तर वाढतं. दुबार पेरणीला दुसरी पिशवी, दुसऱ्यांदा ट्रॅक्टर, पंधरा दिवस उशीर आणि त्या पंधरा दिवसांत वाढलेलं तण.

आमच्याकडे मागच्या आठवड्यात दोन गोणपाटं मांडली होती. एकात घरचं बियाणं, एकात दुकानातून आणलेलं. काल बाबांनी ओसरीत बसून उलगडली आणि चष्मा लावून मोजली. दुकानातले ८१ उगवले. घरचे ६४, आणि न उगवलेल्यांतल्या अकरा दाण्यांवर बुरशीची लव. दादाने हिशेब केला, घरचं पेरायचं तर एकरी तीसच्या ऐवजी तेहतीस किलो लागेल. बाबांनी ते अकरा दाणे वेगळे काढून त्याच्यापुढे ठेवले आणि विचारलं, “पावडर कुठी ठेवली यंदा?”

कोनाड्यात नाही. ताडपत्रीच्या घडीत ठेवली आहे, हातमोज्यांसोबत.